आविलाची तेरेजा आणि कोरडी प्रार्थना

आडवाट

मध्यंतरी इथल्याच ध्यानधारणेच्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "ख्रिश्चनांमध्ये साधना वगैरे असते का हो? की रविवारी चर्च आणि डिसेंबरात केक?" प्रश्न खवचट होता, पण अगदीच अस्थानी नव्हता. आम्हा वसईकरांच्या घरी संध्याकाळी रोझरी होते, उपवासकाळात मांस-मासळी बंद होते, सणाआधी नोव्हेना होतात. पण प्रार्थनेला बसल्यावर आत नेमकं काय चालतं, किंवा काहीच चालत नाही, याबद्दल मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात कुणी बोलताना मी तरी ऐकलेलं नाही. म्हणून हा धागा. सगळी परंपरा इथे मांडणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे, तेव्हा एकाच बाईबद्दल लिहितो.

आविलाची तेरेजा. जन्म १५१५, स्पेन. (कोलकात्याच्या मदर तेरेसा वेगळ्या, आणि त्यांनी जिचं नाव घेतलं ती फ्रान्समधली लिझ्यूची तेरेज तिसरी. तिघींची गल्लत नेहमी होते.) विशीत कार्मेल पंथाच्या मठात गेली, लवकरच इतकी आजारी पडली की चार दिवस बेशुद्ध होती आणि तिच्यासाठी कबर खणून तयार होती. त्यातून वाचली, पण पुढची जवळजवळ तीन वर्षं अंग लुळं. इथवर ही नेहमीच्या संतचरित्रासारखी गोष्ट वाटते. मला ती पुढे आवडायला लागते. कारण बरी झाल्यावर बाई लगेच संत वगैरे झाली नाही. मठात पाहुण्यांची वर्दळ असायची, गप्पा रंगायच्या, आणि तेरेजा बोलण्यात पटाईत. प्रार्थनेत मन लागेना. अठरा वर्षं हातात पुस्तक घेतल्याशिवाय तिला प्रार्थनेला बसवत नव्हतं. तासभर बसायचं ठरलेलं असे आणि तिचं लक्ष घड्याळाचा ठोका कधी पडतो याकडे. हे तिने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, आणि तेही वाचणाऱ्यांत धर्मन्यायालयाचे (इन्क्विझिशन, पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) लोक असू शकतात हे ठाऊक असताना.

मध्ये वर्षभराहून अधिक काळ तिने ही एकांतातली प्रार्थना सोडूनच दिली. कारण फार सज्जन होतं : माझ्यासारख्या पापी बाईने देवाशी सलगी करणं म्हणजे ढोंग, त्यापेक्षा चारचौघींसारखी तोंडी प्रार्थना म्हणावी. पुढे ती म्हणते, आयुष्यातला सगळ्यांत मोठा मोह तो होता. नम्रतेचा वेष घालून आलेला मोह. हे वाचताना मी चमकलो, कारण आपण लायक झालो की मग देवाकडे जाऊ, हे वाक्य मी किती धार्मिक माणसांच्या तोंडून ऐकलंय! तेरेजाच्या लेखी प्रार्थना म्हणजे मैत्री : आपल्यावर प्रेम करणाऱ्याशी एकांतात वरचेवर बोलणं. मैत्रीला लायकीची अट घातली की ती संपलीच.

१५५४ च्या सुमारास, चाळिशीच्या उंबरठ्यावर, मठात कुठल्याशा सणासाठी आणलेली जखमी ख्रिस्ताची मूर्ती तिच्या दृष्टीस पडली आणि ती कोसळून रडली. तिथून गाडी वळली. १५६२ मध्ये तिने आविलातच संत जोसेफाच्या नावाने लहानसा, गरीब, कडक शिस्तीचा मठ काढला. मग खेचरांच्या गाड्यांतून उन्हातान्हात स्पेनभर फिरत एकूण सतरा मठ उभे केले. कर्ज, जागेचे तंटे, बिशपांच्या परवानग्या, सगळं निस्तरत. डोळे मिटून बसणारी योगिनी असं काही चित्र तुमच्या मनात असेल तर ते पुसून टाका.

आता मूळ मुद्दा. १५७७ मध्ये, बासष्ट वर्षांची असताना, वरिष्ठांच्या आग्रहावरून तिने 'आतला किल्ला' लिहिलं. आधीचं आत्मचरित्र धर्मन्यायालयाने ठेवून घेतलं होतं, म्हणून नवीन लिही असा आग्रह. तब्येत अशी की डोक्यात सतत आवाज चालू. चौथ्या भागात ती लिहिता लिहिता सांगूनच टाकते : माझ्या डोक्यात या क्षणी भरलेल्या नद्या वाहतायत आणि पाखरं शिट्ट्या घालतायत. आणि लगेच पुढे, या गोंगाटाने आत्म्याच्या शांततेला काही होत नाही. मन भरकटतं म्हणून प्रार्थना फुकट गेली असं समजणाऱ्यांना याहून मोठा दिलासा कुणी दिला असेल असं मला वाटत नाही.

कल्पना अशी : आत्मा म्हणजे स्फटिकाचा किल्ला, त्यात सात महाल, मधोमध राजा. दरवाजा म्हणजे प्रार्थना. बहुतेक लोक आयुष्यभर तटाबाहेर पहारेकऱ्यांत हिंडत असतात, आत काय आहे याची चौकशीही करत नाहीत. पहिल्या महालात शिरलं तरी बाहेरचे सरडे-विंचू सोबत आत येतात. दुसऱ्यात ओढाताण. तिसऱ्यात सभ्य, शिस्तीची, दानधर्म करणारी माणसं राहतात, आणि बरीचशी तिथेच थांबतात. इथलं एक उदाहरण बेरकी आहे. मुलंबाळं नसलेला एक सुखवस्तू गृहस्थ, थोडे पैसे बुडाले, घरखर्चाला भरपूर उरलेत, तरी असा कासावीस की उद्या भाकरी मिळणार नाही. आणि हाच माणूस देवासाठी सर्वस्व सोडायच्या गोष्टी करतो! कोरडेपणा, म्हणजे प्रार्थनेत काहीच गोडी न वाटणं, सगळ्यांत जास्त याच महालात छळतो, कारण इथल्या माणसाला वाटतं, मी सगळे नियम पाळले, आता देवाने माझं देणं द्यावं.

चौथ्यापासून सूत्रं आपल्या हातातून सुटू लागतात. ती दोन हौद दाखवते : एकात लांबून पाटाने, खटपटीने पाणी आणावं लागतं, दुसरा झऱ्यावरच बांधलेला, तो आवाज न करता भरतो. इथे तिचं सांगणं एवढंच की फार विचार करण्यापेक्षा फार प्रेम करा. पाचवा-सहावा महाल मिलनाचे, वेदनेचे, दर्शनांचे. सातव्यात राजा. आणि तिथे पोचलेल्या माणसाची खूण काय? तेजोवलय नाही, समाधी नाही. कामं. तेरेजा दोनदा म्हणते, कामं, कामं.

म्हणजे प्रार्थनेत किती गोड वाटलं यावरून आपण किती आत पोचलो हे तिच्या लेखी अजिबात ठरत नाही. मला ती पटते ती इथे. बाकी तुम्ही बोला.

---

कोरडवाहू

सुंदर लेख. वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका : सात महाल म्हणजे आपली सात चक्रंच की! मूलाधारापासून सहस्रारापर्यंत. स्पेनमध्ये हे गेलं कसं?

---

आडवाट

कोरडवाहू, धन्यवाद. सात हा आकडा दोन्हीकडे आहे, त्यापलीकडे मी जाणार नाही. चक्रांची चढण कण्यातून वर जाते, तेरेजाचा किल्ला आत आत जातो. शिवाय ती बजावते की हे महाल एकापुढे एक ओळीत आहेत असं समजू नका; मधला गाभा आणि त्याला सगळीकडून वेढणाऱ्या खोल्या असं बघा. प्रत्येक महालात पुष्कळ खोल्या. आणि कितीही आत गेलात तरी पहिल्या महालातली आत्मपरीक्षणाची खोली सुटत नाही, तिथे परत परत यावंच लागतं.

---

तिरकस

लेखनशैली उत्तम, पण काही गोष्टी गालिच्याखाली गेल्यात. बाईंना झटके यायचे, बेशुद्धी यायची, डोक्यात आवाज, देवदूत येऊन हृदयात भाला खुपसतो असं दर्शन. (बर्निनीने त्यावर केलेलं शिल्प रोममध्ये पाहिलंय, अफाट आहे. पण चेहऱ्यावरचे भाव अध्यात्मिकच आहेत का, हा प्रश्न पडतोच.) अपस्माराची शक्यता डॉक्टरांनी मांडलेली आहे. मग हा 'अंतर्प्रवास' की केस पेपर?

---

आडवाट

तिरकसराव, तुमची वाट बघतच होतो.

साडेचारशे वर्षांपूर्वीच्या पेशंटचं निदान मी करणार नाही, अपस्मार असेलही. पण हा संशय घेणारे तुम्ही पहिले नाही, स्वतः तेरेजाच आहे. चौथ्या महालात ती एका व्यक्तीबद्दल सांगते, जी आठ आठ तास गुंगीत असायची आणि सगळे तिला भावावस्था समजत होते. तेरेजाचा उपाय : हिला नीट झोपू द्या, नीट खाऊ द्या, उपास-तापास कमी करा. गुंगी गेली. मठांच्या स्थापनेची हकीकत लिहिली त्यात तर विषादाने पछाडलेल्या बहिणींना कसं सांभाळावं यावर अख्खं प्रकरण आहे.

सहावा महाल, जिथे दर्शनं आणि वाणी येतात, तो पुस्तकातला सगळ्यांत लांब भाग आहे, आणि त्यातली बरीच पानं तपासणीवर खर्ची पडलीत. आवाज ऐकू आला तर तो देवाचा, सैतानाचा की आपल्याच कल्पनेचा? त्यानंतर शांती राहिली का? तो शब्द मनात टिकला का? माणूस अधिक नम्र झाला की अधिक फुगला? ज्यांचं मन आजारी आहे त्यांचं ऐकून घ्या, पण त्या आवाजांना महत्त्व देऊ नका, असंही ती सांगते. केस पेपर म्हणायचा तर तो पेशंटनेच फार कठोरपणे लिहिलाय.

---

निर्झरा

मी हिंदू, नवरा कॅथलिक. सासूबाईंच्या देवघरात, म्हणजे त्या आल्टर म्हणतात, तिथे या तेरेजाचा फोटो आहे. पेन आणि कबुतर असलेली, हीच ना? आज कळलं बाई कोण ते.

माझा प्रश्न व्यवहारातला आहे. पदरात दोन लहान मुलं. पहाटे उठून शांत बसावं म्हटलं तर धाकटी उठते. मठातल्या बायकांना राजाकडे जायला वेळ होता हो. आम्ही किल्ल्याच्या स्वयंपाकघरातच!

---

सोपाराकाठ

निर्झरा, हो, तीच. कबुतर म्हणजे पवित्र आत्मा.

आणि स्वयंपाकघराचं म्हणाल तर तुमच्यासाठी तिचं वाक्य तयार आहे. आज्ञापालनासाठी कामाला जावं लागतं आणि प्रार्थना बुडते म्हणून हळहळणाऱ्या बहिणींना ती सांगते, स्वयंपाकघरात नेमलं असेल तर तिथे भांड्याकुंड्यांतही प्रभू वावरतो हे लक्षात ठेवा.

पाचव्या महालात तर ती चक्क चिडलीय. काही बहिणी प्रार्थनेत इतक्या कोंडून घेऊन बसतात, हलायचं सुद्धा नाही, न जाणो भक्तिभाव सांडेल! नाही बायांनो नाही, प्रभूला हे नकोय. कुणी आजारी दिसली, तिला तुमची मदत होण्यासारखी असेल, तर भक्तिभाव गेला तरी चालेल, उठा. तिला दुखत असेल तर तुम्हालाही दुखू दे. गरज पडली तर तिला खाता यावं म्हणून तुम्ही उपाशी राहा. आमच्या रिट्रीटमध्ये फादरांनी हा उतारा वाचला तेव्हा मागच्या बाकावरची नर्सिंगवाली मंडळी एकमेकींकडे बघून हसत होती.

धाकटी उठली तर उठू दे.

---

निर्झरा

सोपाराकाठ ताई, _/\_ हे सासूबाईंना वाचून दाखवते.

---

नगरी_माळ

मी नगरकडचा, प्रोटेस्टंट. आजोबा पाळक होते. आदर ठेवून थोडा विरोध नोंदवतो.

हे महालांचं प्रकरण आमच्या घरात बसत नाही. ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केलं ते पूर्ण केलं. विश्वास ठेवणारा तत्क्षणी देवाचं लेकरू होतो. पहिल्या महालातलं लेकरू आणि सातव्या महालातलं लेकरू असे दर्जे कुठून आले? पवित्र शास्त्राऐवजी अनुभवाची शिडी हाती दिली की माणूस स्वतःचीच पायरी मोजत बसतो. आणि सातव्या महालाची खूण 'कामं' म्हटल्यावर तर माझ्यातला, तारण कामांनी नाही तर विश्वासाने म्हणणारा ल्यूथर जागा होतोच.

---

आडवाट

नगरी_माळ, विरोध रास्त आहे आणि मला आवडला. दोन गोष्टी सांगतो.

राजा पहिल्यापासूनच मध्यभागी आहे. माणूस बाहेर भटकत असला तरी तो तिथून उठून गेलेला नाही. म्हणजे महाल चढून राजा मिळवायचा असा हिशेब नाही, तो आधीच मिळालेला आहे, प्रवास आपला. आणि चौथ्या महालापासून पुढे स्वतःच्या बळावर कुणालाही जाता येत नाही, हे ती इतक्यांदा सांगते की कंटाळा यावा. कृपा हा शब्द तुमच्या आजोबांइतकाच तिलाही प्रिय असावा.

पायरी मोजत बसण्याचा धोका मात्र खरा आहे. मी स्वतः असे लोक पाहिलेत, "माझं सध्या पाचव्यात चाललंय" म्हणणारे. तेरेजाने त्यांना भांडी घासायला पाठवलं असतं.

---

नगरी_माळ

हे कृपेचं पटलं. कामांचं नाही पटलं, पण राहू दे.

आमच्याकडे या वाटेची माणसं नव्हती असं मात्र नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असंच ते म्हणत. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या सगळ्यांसाठी. दोन वर्षांत वारले. आमच्या उपासनेत आजही पियानोऐवजी पेटी-तबल्यावर त्यांची भजनं होतात तेव्हा आजी डोळे पुसते. टिळकांना महाल लागले नाहीत, अभंग पुरला.

---

आळंदीचा वेलदोडा

वारकरी घरातला आहे, बोलल्याशिवाय राहवेना. लेखातल्या 'कोरड्या प्रार्थने'बद्दल वाचताना तुकोबाच आठवत होते. "रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग" म्हणणारा माणूस काही सतत आनंदाच्या डोहात नव्हता. देवाशी भांडण, रुसवा, तू आहेस तरी का इथपर्यंतची तगमग त्यांच्या गाथेत पानोपानी आहे. आपण कीर्तनात डोहाचे अभंग घेतो आणि तगमगीचे मागे ठेवतो, कारण टाळ्या कशाला मिळतात ते ठरलेलं आहे.

फरक एक दिसतो. तुकोबा भर बाजारात भांडतात, तेरेजा आधी वरिष्ठांना विचारते. धर्मन्यायालय नावाची वस्तू देहूत नव्हती म्हणावं, तर वह्या बुडवणारे होतेच.

---

तिरकस

वेलदोडा, फरकाचं कारण आहे. तेरेजाच्या आजोबांना १४८५ मध्ये तोलेदोच्या धर्मन्यायालयाने प्रायश्चित्त करायला लावलं होतं. मूळचे यहुदी, ख्रिस्ती झालेले, पण गुपचूप यहुदी रीती पाळल्याचा आरोप. अशा घरातली बाई, त्यात आतल्या प्रार्थनेवर लिहितेय. १५५९ मध्ये स्पॅनिशमधली बरीच धार्मिक पुस्तकं बंदीयादीत गेली, लॅटिन न येणाऱ्या बायकांनी वाचायचं काय? मी श्रद्धाळू नाही, पण या बाईची हिंमत मान्य. आडवाट यांनी हे लेखात घ्यायला हवं होतं.

---

आडवाट

मान्य. त्या बंदीनेच ती हवालदिल झाली होती आणि तेव्हा तिला आतून शब्द आले : भिऊ नकोस, मी तुला जिवंत पुस्तक देईन. आतला प्रवास सुरू व्हायला बाहेरच्या पुस्तकांवरची बंदी कारण झाली, असं तुम्ही म्हणणार असाल तर मी अडवणार नाही.

---

सायली_पेण

आजवर नुसतं वाचत होते, पहिल्यांदाच लिहितेय. मला विषय थोडा गंभीर करायचा आहे.

गेलं वर्षभर मला प्रार्थनाच काय, काहीच नकोसं झालंय. गाणी नकोत, माणसं नकोत. एका प्रार्थना-ग्रुपमध्ये सांगितलं तर म्हणाले, ही 'अंधारी रात्र' आहे, मोठ्या संतांना येते, आनंद मान. मला आनंद मानता येत नाहीये. हे नक्की काय आहे?

---

सोपाराकाठ

सायली, आधी डॉक्टर. हे मी देव मानणारी बाई म्हणून लिहितेय.

'अंधारी रात्र' ही मांडणी क्रुसाच्या योहानाची. तेरेजाहून सत्तावीस वर्षांनी लहान, तिने कार्मेल पंथात चालवलेल्या सुधारणेतला सोबती. त्याच्याच पंथातल्या विरोधकांनी डिसेंबर १५७७ मध्ये त्याला धरून तोलेदोच्या मठात कोंडलं, जवळजवळ नऊ महिने, अंधाऱ्या कोठडीत. तिथे त्याने कविता रचल्या आणि पुढच्या ऑगस्टमध्ये निसटला. अंधाराबद्दल तो ऐकीव बोलत नव्हता.

त्याने खऱ्या 'रात्री'च्या तीन खुणा दिल्यात. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही आणि जगातल्या गोष्टींतही नाही. त्याच वेळी आपण देवाची सेवा करत नाही, मागे पडतोय, अशी मनाला टोचणी. आणि पूर्वीसारखं मनन-चिंतन प्रयत्न करूनही जमत नाही. यातल्या दुसऱ्या खुणेशी तो मुद्दाम थांबतो, कारण सगळंच बेचव होणं नुसत्या विषादानेही होतं, हे सोळाव्या शतकात त्याला माहीत होतं. दोन्ही एकत्र असू शकतात हेही तो म्हणतो. तेव्हा कुणी ग्रुपमध्ये बसून तुझ्या रात्रीवर शिक्का मारू नये. विषादावर औषध घेतल्याने कुठलीही रात्र अर्धवट राहत नाही.

---

डॉ. चिंचोके

सोपाराकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. सायली, वर्षभर असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच. झोप, भूक, जीव नकोसा वाटणं, यातलं काही असेल तर या आठवड्यातच. आणि तो ग्रुप काही दिवस बाजूला ठेवा.

---

सायली_पेण

धन्यवाद दोघांना. झोप नाहीच आहे. बहिणीला सांगितलंय, ती येतेय सोबत.

---

कोरडवाहू

सायली, बरं केलंत लिहिलंत.

याच संदर्भात मदर तेरेसांच्या पत्रांबद्दल वाचल्याचं आठवतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झाली ना ती? त्यांना कित्येक दशकं देव जाणवतच नव्हता म्हणे. तेव्हा वर्तमानपत्रांत "मदर नास्तिक होत्या का" छाप मथळे होते.

---

आडवाट

हो. काम सुरू केल्यानंतर लवकरच अंधार सुरू झाला आणि थोडा काळ सोडला तर बहुधा शेवटपर्यंत राहिला. आपल्या धर्मगुरूंना त्या लिहीत की आत सगळं रिकामं आहे. पहाटेची प्रार्थना मात्र सोडली नाही आणि रस्त्यावरचा माणूस उचलणंही नाही. नास्तिक म्हणण्याची घाई मला पोरकट वाटते. आणि "बघा, किती उच्च अवस्था!" म्हणून त्यावर हार घालण्याची घाईसुद्धा. त्यांना ते दुखत होतं, बस.

---

पुष्पौषधी

धागा छान चाललाय. मला तेरेजा वाचायची आहे. इंग्रजी चालेल. 'किल्ला' थेट घेऊ का?

---

आडवाट

थेट 'किल्ला' घेऊ नका, आत्मचरित्र आधी. त्यातही सुरुवातीची दहा प्रकरणं वाचा, मग अकरापासून बागेला पाणी घालण्याचे चार प्रकार येतात : विहिरीतून शेंदून, रहाटाने, पाटाने, आणि पाऊस. तो भाग सावकाश. मध्येच बाई विषय सोडून भलतीकडे जातात, माफी मागतात, परत भरकटतात. त्याला वैतागू नका, घाईत लिहिलंय आणि परत वाचायला वेळ नव्हता. 'किल्ला' घेतलात तर तिसरा आणि पाचवा महाल सोडू नका. सहावा पहिल्या वाचनात चाळला तरी चालेल.

---

नगरी_माळ

आणि सोबत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठेवा. संताशी संसार करणाऱ्या बाईची बाजूही कळू द्या.